धावफलकापाशी भेटलेली माणसं

रमजान हा मोजदादीचा महिना. सहरी किती वाजता संपते, इफ्तारला किती मिनिटं उरली, रोजे किती झाले, जकात किती निघते, हे सगळं आपण काटेकोरपणे मोजतो. पण या हिशेबात एक रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो. आपल्याला माणसांकडून काय मिळालं, हा तो रकाना. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, ही पैगंबरांची शिकवण आमच्या घरात वडीलधाऱ्यांनी लहानपणापासून कानावर घातली. तिचा अर्थ मला असा लागतो, की आभार हवेत सोडून चालत नाही. ते कुणाचे आणि कशाबद्दल, हे नेमकं सांगावं लागतं.

म्हणून आज ज्यांचे आभार मानायचे आहेत ती माणसं सांगतो. त्यांना मानधन मिळत नाही. त्यांचं नाव छापून येतंच असं नाही. मॅच बघायची, घरी जाऊन जेवायचं आणि मग दिव्याखाली बसून ती मॅच कागदावर उतरवायची, हा त्यांचा छंद. अशा लिहिणाऱ्या चाहत्यांच्या पंगतीत मला तीस वर्षांपूर्वी जागा मिळाली. ही नेमत मी एकट्याने मिळवलेली नाही.

हिंदमाताचा पोटमाळा

हिंदमाता म्हटलं की मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात. ड्रेस मटेरियलचा बाजार आणि पावसाळ्यातलं गुडघाभर पाणी. दादर आणि परळ यांच्या मध्ये, आंबेडकर रोडवर वसलेला हा सखल भाग. इथल्या एका कापडाच्या दुकानात मी वह्या लिहायचं काम करतो. दुकान बंद झालं की शनिवारी त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर आमची बैठक बसते. दहा-बारा माणसं. त्यांत एक काका साच्यावर काम करून १९८२च्या संपात नोकरी गमावलेले. एक बेस्टमध्ये कंडक्टर होते. केईएममधल्या एक सिस्टर आहेत, ज्यांना कबड्डीतलं जितकं कळतं तितकं आम्हा सगळ्यांना मिळूनही कळत नाही. एक शाळामास्तर, एक टेलर आणि मी. मला सगळे ‘भाई’ म्हणतात.

वर्षातून दोनदा आम्ही हस्तलिखित काढतो. कांगा लीग, शाळांच्या मॅचेस, लालबाग-परळच्या मंडळांची कबड्डी, जे जे डोळ्यांनी पाहिलं ते त्यात येतं. अक्षर टेलरमास्तरांचं, कारण कापड बेतणाऱ्याचा हात सरळ चालतो. मग चार-पाच झेरॉक्स प्रती निघतात आणि हातोहात फिरतात.

नियम तीनच. पाहिलं असेल तरच लिहायचं. आकडा स्कोअरबुकातून घ्यायचा, आठवणीतून नाही. आणि खेळाडूच्या खेळाबद्दल वाटेल ते लिहा. त्याची जात, धर्म, गाव आणि आईबाप यांच्यावर एक अक्षर नको. हा तिसरा नियम साच्यावरच्या काकांनी घातला. कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, “गिरणीत साच्याला कुठे कळत होतं धागा कोण भरतोय ते?” विषय तिथेच संपला.

एक दिवस मात्र सांगायलाच हवा. २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हिंदमाताला पाणी दुकानांच्या फळ्यांवर चढायला लागलं. खाली ताग्यांच्या थप्प्या होत्या, त्यांची किंमत लाखांत. त्याच कपाटाच्या खालच्या खणात आमची तोवरची हस्तलिखितं, कापडात बांधलेलं एक गाठोडं. आमच्या दुकानातल्या हमालाने आधी ते गाठोडं डोक्यावर घेऊन वर टाकलं आणि मग ताग्यांना हात लावला. शेठ ओरडले. त्याचं उत्तर होतं, “शेठ, कपडा नवा येईल. हे परत कोण लिहिणार?” या माणसाला वाचता येत नव्हतं. पण दर शनिवारी चहा घेऊन वर आला की तो वाचन पुरं होईपर्यंत जिन्यावर थांबायचा. शेठनी नंतर पोटमाळ्यावर एक फळी ठोकून दिली, फक्त या वह्यांसाठी. ती अजून आहे.

ही सवय आली कुठून

अशी लिहिणारी माणसं आकाशातून पडत नाहीत. त्यांना आधी कुणीतरी वाचायची सवय लावलेली असते.

‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ साली सुरू झाला. तिथे वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकातल्या खेळाच्या मजकुराला कोपऱ्यातून उचलून स्वतःचं पान दिलं. मोठी गोष्ट म्हणजे हे पान फक्त कसोटी क्रिकेटचं नव्हतं. त्यात कबड्डी, खो-खो आणि कुस्तीला मान होता. ज्या पोराने काल रात्री लाल मातीत पकड केली, त्याचं नाव आज सकाळी गिरणीच्या गेटवर वाचलं जायचं. मंडळाचे कार्यकर्ते हाताने लिहिलेले निकाल घेऊन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जायचे. दोन ओळींत सामना कसा मांडायचा, हे शिक्षण आमच्या भागातल्या कित्येकांना त्या फेऱ्यांनी दिलं. करमरकर २०२३ मध्ये गेले. त्यांच्या पानावर वाढलेले वाचक मात्र अजून चष्मा पुसून आधी शेवटचं पान उघडतात.

कानाला वळण लावलं ते रेडिओने. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत सांगितलं. स्वतः रणजी खेळलेला माणूस, त्यामुळे चेंडू पडला कुठे आणि वळला किती, हे आधी सांगायचा आणि कौतुक नंतर करायचा. पाहिलं असेल तरच लिहा, हा आमचा पहिला नियम तिथूनच आला असावा.

मग ऐंशीच्या दशकात ‘एकच षटकार’ हे पाक्षिक आलं. संपादक शिवाजी पार्कचा संदीप पाटील, म्हणजे ज्याने १९८२ साली मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले तोच. आणि कार्यकारी संपादक द्वारकानाथ संझगिरी. संझगिरींचं मला सर्वांत जवळचं वाटलेलं वैशिष्ट्य म्हणजे ते पोटापाण्यासाठी मुंबई महापालिकेत अभियंता होते. दिवसभर पालिकेची नोकरी आणि त्यावर क्रिकेट, सिनेमा, गाणी, प्रवास. प्रेसबॉक्समध्ये बसूनही त्यांनी स्वतःतला चाहता मारला नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये ते गेले, तेव्हा आमच्या पोटमाळ्यावर त्या शनिवारी कुणी नवं काही वाचलं नाही. जुनी कात्रणं काढली आणि प्रत्येकाने आपल्या आवडीचं एकेक वाचलं. नोकरी करूनही लिहिता येतं, ही हिंमत वह्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला या माणसाने दिली.

इंग्रजीतही या शहराने असंच एक दार उघडलं होतं. ‘इन्किलाब’ हे उर्दू दैनिक चालवणाऱ्या अन्सारी घराण्यातल्या खालिद अन्सारींनी १९६८ साली ‘स्पोर्ट्सवीक’ काढलं. मराठी पान, उर्दू घराणं, इंग्रजी साप्ताहिक आणि सगळ्यांचा वाचक एकाच लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभा. खेळाच्या वाचकाला भाषेची भिंत फार जाड कधी वाटली नाही.

माझं स्वतःचं पहिलं लिखाण १९८३चं. २५ जूनला लॉर्ड्सवर विश्वचषकाची अंतिम मॅच होती, आणि रमजान चालू होता. आपल्याकडे दुपारी सुरू झालेला खेळ रात्रीपर्यंत चालला, म्हणजे मध्ये इफ्तारही आलं आणि तरावीहही. चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्या घरात शेजारच्या काकूंनी आमच्यासाठी वाटीत खजूर काढून ठेवले होते. भारत १८३, वेस्ट इंडिज १४०, त्रेचाळीस धावांनी विश्वविजय. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या वहीत दीड पान लिहिलं. त्यातलं एक पान नुसतं किरमाणीने घेतलेल्या बॅकसच्या झेलावर होतं. काकूंनी ते चाळीच्या गॅलरीत मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकणारी माणसं मिळाली की लिहिणारा तयार होतो. एवढंच ते गणित.

रात्रपाळीचा पहारेकरी

आमच्यातल्या मास्तरांची मुलगी अमेरिकेत असते. एकदा सुट्टीवर आली असताना पोटमाळ्यावर बसून तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “बाबा, तिकडे बेसबॉलवाले अगदी असेच आहेत.” मग तिने सांगितलेल्या गोष्टी आम्ही शोधून वाचल्या.

ऑगस्ट १९७१मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या गावात सोळा माणसं जमली. त्यांना बोलावणारे बॉब डेव्हिड्स हे सरकारी नोकर. बेसबॉलचा इतिहास आणि आकडे नीट लिहून ठेवणाऱ्यांची संस्था त्यांनी स्थापन केली. आज तिचे सभासद हजारोंनी आहेत. दुसरी गोष्ट बिल जेम्स यांची. कॅन्सस राज्यातल्या डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात ते रात्रपाळीचे पहारेकरी होते. पहारा करता करता बेसबॉलच्या आकड्यांचा विचार करायचे. १९७७ साली त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका काढली. पहिल्या वर्षी तिच्या पाऊणशेच्या आसपास प्रती खपल्या. पुढे त्यांच्या विचाराने खेळाडू निवडायची रीतच बदलली. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं, आणि २००४ साली त्या संघाने तब्बल ८६ वर्षांनी अजिंक्यपद जिंकलं.

पण आमच्या काकांना भावली ती तिसरी गोष्ट. अमेरिकेत काळ्या खेळाडूंना बड्या लीगमध्ये प्रवेश नव्हता, त्यामुळे त्यांच्या लीग वेगळ्या होत्या. त्यांचे आकडे कुणी नीट जपले नाहीत. मग चाहत्यांनी आणि हौशी अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांतून, विशेषतः काळ्या समाजाच्या वर्तमानपत्रांतून, एकेका सामन्याचा धावफलक पुन्हा जुळवला. या कामात वर्षानुवर्षं गेली. डिसेंबर २०२०मध्ये त्या खेळाला बड्या लीगचा दर्जा देण्यात आला आणि २०२४मध्ये ते आकडे अधिकृत विक्रमांत मिसळले. त्याबरोबर जॉश गिब्सन हा कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत टाय कॉबच्याही वर गेला. त्या वेळी गिब्सनला जाऊन ७७ वर्षं झाली होती.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे स्कोअर लिहून ठेवणं हे न्यायाचं काम आहे तर.”

मातीच्या भांड्यातला चहा

हे वाक्य ऐकलं आणि सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं. पळवणकर बाळू.

चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर खेळपट्टीची कामं करता करता साहेबांना गोलंदाजी टाकायला लागला. पुढे हिंदूंच्या संघात आला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलायचे, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याच्या वाट्याला आलं नाही. ते आलं त्याच्या धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे, १९२३ साली.

तेव्हा मुंबईची सगळ्यांत मोठी स्पर्धाच धर्मावर बेतलेली होती. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७पासून उरलेल्यांचा पाचवा संघ. १९४५-४६च्या हंगामानंतर ती बंद झाली. त्या काळची गोष्ट आज आपल्याला आतून कळते, कारण विठ्ठल यांनी ती लिहून ठेवली. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे त्यांचं मराठी आत्मचरित्र १९४८ साली आलं. पुढे २००२ साली रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटचा इतिहास लिहिताना पळवणकर बंधूंना मध्यभागी आणून बसवलं. विठ्ठल यांनी लेखणी हातात घेतली नसती, तर या घराण्यातले बळी आणि धावा फक्त उरल्या असत्या, त्यांचं मन उरलं नसतं.

आमच्या पोटमाळ्यावर चहाची किटली एकच असते. रमजानात बैठकीची वेळ बदलते. सहाऐवजी तरावीहनंतर, दहाच्या सुमाराला. हे कुणी ठराव करून ठरवलेलं नाही. पहिल्या वर्षी मी वर गेलो तर फळ्यावर नवी वेळ खडूने लिहिलेली होती आणि किटली अजून खालीच होती. त्याबद्दल कुणी बोललं नाही, मीही नाही. बाळूंच्या त्या मातीच्या भांड्याबद्दल वाचलं, तेव्हा मला या किटलीची किंमत कळली.

गोलंदाज पाच, शिव्या एकाला

चाहत्यांचं लिखाण म्हणजे सगळं असंच असतं, असं मात्र नाही. २४ ऑक्टोबर २०२१ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. त्या रात्री समाजमाध्यमांवर मोहम्मद शमीला ज्या शिव्या दिल्या गेल्या, त्या लिहिणारेही स्वतःला चाहतेच म्हणवत होते. त्या दिवसांत माझ्या ओळखीच्या एका कचेरीत मला हसत हसत विचारलं गेलं, “काय भाई, खूश ना?” असे प्रश्न हसतच विचारले जातात. उत्तर द्यावं तर वाद होतो, न द्यावं तर अर्थ काढला जातो.

त्या शनिवारी मी पोटमाळ्यावर जाऊ नये असं वाटत होतं. गेलो. कंडक्टरकाकांनी स्कोअरबुक उघडलं आणि लिहायला घेतलं : भारताचे पाच गोलंदाज, १७ षटकं आणि पाच चेंडू, बळी शून्य. पाचांपैकी कुणालाच एकही बळी मिळाला नाही. बाबर आणि रिझवान यांनी १५२ची अखंड भागीदारी केली. शमीचे ४३ धावांचे आकडे त्या यादीत इतरांसारखेच एका ओळीत आले. मग सिस्टर म्हणाल्या, “बळी पाचांनाही नाही, आणि शिव्या एकालाच? हा हिशेब कुठल्या वहीत बसतो?” तेच वाक्य आमच्या त्या लेखाचा शेवट झालं. मला त्या संध्याकाळी कुणी धीर दिला नाही, पाठीवर हात ठेवला नाही. फक्त आकडे खरे लिहिले. त्याहून मोठा धीर मला माहीत नाही. त्याच शनिवारी विराट कोहलीनेही जाहीरपणे शमीची बाजू घेतली.

त्याच वहीत पुढे १५ नोव्हेंबर २०२३चं पान आहे. वानखेडेवरची उपांत्य मॅच, न्यूझीलंडविरुद्ध शमीचे ५७ धावांत सात बळी. आणि त्यापुढे मार्च २०२५. रमजान चालू असताना दुबईतल्या मॅचमध्ये शमी पाणी प्याला म्हणून एका मौलवींनी त्याला दोष दिला. प्रवासात असलेल्याला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे, हे इतर अनेक उलेमांनी लगेच सांगितलं. एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या बाजूने, माणसाला त्याच्या चेंडूवरून न जोखता भलत्याच मापाने जोखलं गेलं. आमच्या वहीत त्या दिवशीही फक्त त्याची षटकं, धावा आणि बळी आहेत. आमचा तिसरा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

शुक्र

मुंबई बदलते आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, मैदानांच्या कडेला मोटारी आल्या. पोटमाळ्यावर येणाऱ्यांत आता तरुण कमी आणि गुडघेदुखी जास्त. तरी गेल्या पावसाळ्यापासून दोन मुली यायला लागल्या आहेत. दोघी क्लब क्रिकेट खेळतात. त्यांनी मुलींच्या मॅचेसचे धावफलक लिहायला सुरुवात केली, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते दुसरं कुणी लिहीत नाही. काकांनी त्यांना फळीवरची एक नवी कोरी वही काढून दिली.

माझ्या शुक्राच्या रकान्यात म्हणून ही नावं लिहितो, कामांवरून : साच्यावरचे काका, कंडक्टरकाका, सिस्टर, मास्तर, टेलरमास्तर, फळी ठोकून देणारे शेठ, गाठोडं डोक्यावर घेणारा हमाल, आणि खजुराची वाटी पुढे करून माझं दीड पान वाचणाऱ्या काकू. काकू आता नाहीत. त्यांच्यासाठी दुआ करतो.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत, तुमच्या मैदानाच्या कडेला, झाडाच्या सावलीत एक माणूस मांडीवर वही ठेवून बसलेला असेल. प्रत्येक चेंडूला एक ठिपका काढत असेल. या ईदला, किंवा पुढच्या रविवारी, त्याच्यापाशी थोडा वेळ थांबा. स्कोअर किती झाला ते विचारा. तो तुमचं आडनाव विचारणार नाही. षटक कितवं चालू आहे, ते मात्र अचूक सांगेल.